एका कोडच्या शेकडो नकला

वाचणाऱ्याला वेगवेगळ्या भाषांतले विकिपीडिया एकाच घरातले वाटतात. आतून मात्र प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, पानं वेगळी, प्रचालक वेगळे. त्यामुळे एका विकीवरचा साचा (अनेक पानांवर वापरायचा तयार तुकडा) दुसऱ्या विकीवरून थेट बोलावता येत नाही. तो हवा असेल तर उचलून आपल्याकडे डकवायचा, एवढाच मार्ग उरतो. नकलांचा हा सगळा पसारा इथूनच सुरू झाला.

सुरुवातीला साचे साधे होते, म्हणून ते कुणाला जड गेलं नाही. 2006 मध्ये पार्सर फंक्शन्स आली आणि साच्यांत 'असं असेल तर तसं' लिहिता येऊ लागलं. साचे महिरपी कंसांत लिहिले जात आणि त्या कंसांच्या इतक्या थरांतून वाट काढणं लिहिणाऱ्यालाही अवघड जाई. 2013 मध्ये स्क्रिबंटो हे विस्तारक सगळ्या विकींवर आलं, लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत मॉड्यूल, म्हणजे साच्यांनी वापरायचे प्रोग्रॅम, लिहिण्याची सोय झाली आणि साच्यांच्या पोटातलं तर्कशास्त्र तिकडे हललं. आता नक्कल करायची ती खऱ्याखुऱ्या प्रोग्रॅमची, तीही तो ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या सगळ्या मॉड्यूलांसकट.

नक्कल केली त्या दिवशी सगळं नीट चालतं. पुढे मूळ मॉड्यूलमधली एखादी चूक दुरुस्त होते, पण नकलेत ती तशीच राहते. 'नो ग्लोबल्स' या छोट्या मॉड्यूलचंच घ्या. लुआमध्ये 'लोकल' लिहायला विसरलं की चल (व्हेरिएबल) नकळत सार्वत्रिक होतो. ती चूक पकडायला असंख्य मॉड्यूलांच्या पहिल्याच ओळीत 'नो ग्लोबल्स'ला हाक मारलेली असे. पुढे तेच काम करणारी 'स्ट्रिक्ट' ही सोय स्क्रिबंटोतच आली. बदलायची ती एक ओळ, पण प्रत्येक मॉड्यूलमध्ये आणि प्रत्येक विकीवरच्या त्याच्या नकलेत. मोठ्या विकीवर हे करायला माणसं असतात. छोट्या विकीवर कोड वाचू शकणारे एक-दोघेच, आणि मला खरी काळजी वाटते ती त्यांचीच.

हे काम बॉटकडे, म्हणजे आपोआप संपादन करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, द्यावं हा विचार जुनाच. असे बॉट लिहिण्यासाठीच्या पायविकिबॉट या साधनाची सुरुवात 2003 ची. प्रत्येक लेखाच्या तळाशी इतर भाषांतल्या दुव्यांची यादी असे आणि ती जुळती ठेवण्यासाठी बॉट वर्षानुवर्षं राबले. विकिडेटा हा सामाईक माहितीसाठा आल्यावर 2013 मध्ये ते दुवे एका जागी गेले आणि बॉटांचं ते काम जवळपास संपलं. चित्रांसाठी कॉमन्स हे सगळ्या विकींचं कोठार 2004 पासूनच होतं. साचे आणि मॉड्यूलांसाठी मात्र असं सामाईक कोठार झालं नाही. विकी संपादकांच्या समुदायाने हव्या असलेल्या तांत्रिक सोयींची 2015 मध्ये केलेली जी इच्छायादी, तीत ही मागणी ठळकपणे होती.

ती पोकळी भरायला डायबेबलसारखे बॉट आले. त्यामागची युक्ती मला फार आवडते. नक्कल आणि मूळ यांच्यात फरक दिसला म्हणून बॉट लगेच ती पुसत नाही. आधी तो मूळ पानाचा इतिहास चाळतो. नकलेतला मजकूर मूळच्या एखाद्या जुन्या आवृत्तीशी तंतोतंत जुळला, तर नक्कल नुसती मागे राहिली आहे असं ठरतं आणि ती बेलाशक अद्ययावत करता येते. कुठल्याच आवृत्तीशी जुळली नाही, तर तिथल्या कुणीतरी मुद्दाम हात फिरवलाय. तिथे निर्णय माणसाचा.

बहुतेक वेळा हात फिरवलेला असे तो भाषांतरासाठी. त्रुटीसंदेश कोडमध्येच लिहिलेले, त्यामुळे ते आपल्या भाषेत आणले की नक्कल मुळापासून दुरावायची. त्यावर तोडगा म्हणून 'टीएनटी' हे मॉड्यूल आलं. वाक्यं कॉमन्सवरच्या तक्त्यात, दर भाषेची वेगळी, आणि कोड सगळीकडे अक्षरशः एकच. पण त्यासाठी मूळ मॉड्यूल आधी त्या रीतीने नव्याने लिहावं लागतं. बॉट पानं पोचवतो. हे लिहिणं मात्र त्या मॉड्यूलच्या कर्त्यांनाच करावं लागतं.