मासिक हवामान गोषवारा (शेतीसाठी)

एखाद्या ठिकाणी रोज घेतलेल्या पाऊस, तापमान, आर्द्रता, बाष्पीभवन, वारा व सूर्यप्रकाश यांच्या नोंदींवरून महिनाअखेर काढलेला आढावा. पेरणी साधली की हुकली, पिकाला ताण कधी बसला, रोगाला पोषक दिवस किती गेले आणि पुढच्या पंधरवड्यात पाणी किती द्यावे लागेल, हे त्यावरून ताडता येते. मात्र गोषवाऱ्यात नुसती पावसाची बेरीज आणि तापमानाची सरासरी असेल, तर शेतीच्या दृष्टीने त्याची किंमत फार नसते. पीक सरासरीवर जगत नाही. ते त्या त्या आठवड्यातल्या ओलीवर जगते.

२०२३चा पावसाळा याचे ठळक उदाहरण आहे. देशभरातला हंगामी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९४ टक्के झाला, म्हणजे वरवर पाहता फार वाईट नव्हे. पण महिने सुटे केले की जुलै ११३ टक्के, ऑगस्ट ६४ टक्के आणि सप्टेंबर पुन्हा ११३ टक्के असे चित्र दिसते. तो ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरलेले सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असते. तेव्हा गेलेला पाऊस सप्टेंबरमध्ये आला तरी गळालेली फुले परत येत नाहीत. महिन्याच्या आतही हाच प्रकार घडतो, म्हणून कृषी हवामानशास्त्रात महिन्यापेक्षा आठवडा हे एकक अधिक वापरतात. वर्षाचे ५२ ‘प्रमाण हवामान आठवडे’ धरतात. पहिला १ ते ७ जानेवारी, २३वा ४ ते १० जून, तर शेवटचा २४ ते ३१ डिसेंबर असा आठ दिवसांचा. लीप वर्षात २६ फेब्रुवारी ते ४ मार्च हा नववा आठवडाही आठ दिवसांचा होतो. मासिक गोषवाऱ्यात या आठवड्यांचे आकडे वेगळ्या रकान्यात दिलेले असले तरच तो पिकाच्या अवस्थेशी जोडता येतो.

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ची. शेतीसाठी स्वतंत्र शाखा १९३२मध्ये पुण्यात सुरू झाली आणि एल. ए. रामदास यांच्याकडे तिची सूत्रे होती. आज महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषी विद्यापीठांत वेधशाळा आहेत. शिवाय महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे उभी आहेत. तरीही एका मंडळात अनेक गावे येतात आणि वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळून शेजारचे कोरडे ठेवतो. म्हणून गावात किंवा शेतात स्वतःचा पर्जन्यमापक असणे योग्यच.

पावसाची नोंद : साध्या पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंमी उंच आणि अगदी समतल असावे. झाड, भिंत किंवा गोठा यांपासूनचे अंतर त्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट ठेवतात. गच्चीवर ठेवलेला मापक वाऱ्यामुळे कमी पाऊस दाखवतो. वाचन रोज सकाळी ८.३० वाजता. आदल्या सकाळी ८.३० पासूनचा सगळा पाऊस वाचनाच्या तारखेवर लिहितात, त्यामुळे ३० जूनच्या रात्री पडलेला पाऊस १ जुलैच्या, म्हणजे जुलै महिन्याच्या खात्यात जातो. गावच्या आठवणी आणि नोंदवही यांचा मेळ बसत नाही, त्याचे कारण पुष्कळदा इतकेच असते.

सर्वांत महागात पडणारी चूक मोजपात्राची. प्रत्येक मापकाचे मोजपात्र त्याच्या नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळानुसार आखलेले असते. २०० चौ. सेंमी तोंडाच्या मापकात १ मिमी पाऊस म्हणजे २० मिली पाणी, १०० चौ. सेंमीच्या मापकात १० मिली, आणि १२७ मिमी व्यासाच्या जुन्या गोल मापकात सुमारे १२.७ मिली. मोठ्या मापकाचे पाणी लहान मापकाच्या पात्राने मोजले की पाऊस थेट दुप्पट दिसतो. पात्र फुटले तर बाजारातले मिलीलिटरच्या खुणांचे कोणतेही नळकांडे चालते. मिळालेल्या मिलीलिटरना २०, १० किंवा १२.७ ने भागायचे. पाण्याचा हिशेब करताना १ मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर, एकरी सुमारे ४,०४७ लिटर आणि गुंठ्याला साधारण १०१ लिटर धरतात.

दुसरा घोळ सुट्टीच्या दिवसांचा. रविवारी वाचन चुकले आणि सोमवारी दोन दिवसांचे पाणी एकदम मोजले, तर नसलेली अतिवृष्टी कागदावर येते आणि पावसाचे दिवस एकाने घटतात. अशा वेळी आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा एकत्रित’ असे लिहावे. पाऊस नसेल तर ‘०’, वाचन झालेच नसेल तर आडवी रेघ. कोरी जागा कधीही सोडू नये, कारण महिनाअखेर तिचे शून्य होते. स्वयंचलित केंद्रातल्या, पाऊस मोजणाऱ्या हेलकावणाऱ्या बादलीत धूळ, कोळ्याचे जाळे किंवा पक्ष्याची विष्ठा अडकली की ती दिवसेंदिवस शून्य दाखवते. भोवतालच्या तीन-चार केंद्रांवर ३०-४० मिमी आणि मधल्या एकावर शून्य असेल, तर तो कोरडा दिवस नसून बिघाड समजावा.

२४ तासांत २.५ मिमी किंवा अधिक पाऊस झाला तरच तो हवामान विभागाच्या लेखी ‘पावसाचा दिवस’ ठरतो, ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. खरिपात पीक आणि जमीन मिळून दिवसाला चार-पाच मिमी पाणी उडवत असताना अडीच मिमीची सर मुळांपर्यंत पोचतही नाही. त्यामुळे खंड मोजताना ५ मिमीखालचे दिवस कोरडेच धरणे शेतीच्या दृष्टीने अधिक खरे. मासिक सरासरीशी तुलना करताना उणे १९ ते अधिक १९ टक्के ‘सामान्य’, उणे २० ते ५९ ‘तूट’ आणि उणे ६० ते ९९ ‘मोठी तूट’ असे वर्ग आहेत. ‘सामान्य’ या शब्दावर फार विसंबू नये. समजा, दोन गावांत जुलैमध्ये प्रत्येकी १८० मिमी पाऊस झाला. एकात तो १२ दिवसांत विभागून आला आणि सर्वांत मोठी उघडीप पाच दिवसांची होती. दुसऱ्यात १२० मिमी दोन दिवसांत ओतून गेला आणि पुढे १७ दिवस आभाळ कोरडे राहिले. भारी काळ्या जमिनीत मीटरभर खोलीत साधारण १५० ते २०० मिमी उपलब्ध पाणी मावते, तिथले पीक दुसऱ्या गावातही कसेबसे तगेल. मुरमाड हलक्या रानात त्या १२० मिमीपैकी बरेचसे वाहून किंवा निचरून जाते आणि आठ-दहा दिवसांत पीक माना टाकते. म्हणून गोषवाऱ्यात एकूण पावसासोबत पावसाचे दिवस, एका दिवसातला सर्वाधिक पाऊस आणि सर्वांत लांब खंड त्याच्या तारखांसह लिहावा. हे चार आकडे असले की बाकीचे नसले तरी चालते.

तापमान, आर्द्रता, बाष्पीभवन : तापमापक पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात, पेटीचे दार उत्तरेला, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही. सकाळी वाचलेले कमाल तापमान आदल्या दुपारचे असते आणि किमान त्याच पहाटेचे. दोन्ही एकाच तारखेवर टाकली की थंडीच्या लाटेचा दिवस सरकतो. आर्द्रता काढण्यासाठी फुगा ओल्या मलमलीत गुंडाळलेला, म्हणजे ‘ओल्या फुग्याचा’ तापमापक असतो. त्यावरचे मलमल मळले, किंवा कठीण पाण्याने त्यावर क्षार धरले, की तो जास्त तापमान दाखवतो व आर्द्रता खोटी वाढते. मलमल आठवड्याला बदलावे आणि पाणी ऊर्ध्वपातित वापरावे. कृषी वेधशाळांत आर्द्रता सकाळी सात आणि दुपारी दोन अशी दोनदा काढतात. या दोन्हींची सरासरी काढून ठेवणे निरर्थक आहे, कारण पहाटेच्या दवावर वाढणारी बुरशी दुपारच्या आकड्याकडे पाहत नाही.

बाष्पीभवन मोजण्याचे उघडे पात्र १२२ सेंमी व्यासाचे आणि सुमारे २५ सेंमी खोल असते. पक्षी-जनावरे पाणी पिऊ नयेत म्हणून आपल्याकडे त्यावर जाळी बसवतात आणि तिच्यामुळे बाष्पीभवन काही टक्क्यांनी कमी भरते. ज्या दिवशी धो धो पाऊस होऊन पाणी बाहेर उडाले, त्या दिवसाचा आकडा रद्द करावा, शून्य लिहू नये. ठिबकचा हिशेब याच पात्रावर चालतो. समजा, बाष्पीभवन ८ मिमी, पात्र गुणांक (पात्रातला आकडा शेतासाठी कमी करून घ्यायचा गुणक) ०.७, पिकाच्या त्या अवस्थेचा गुणांक (त्या अवस्थेतली पिकाची पाण्याची गरज दाखवणारा) ०.८, डाळिंबाची लागवड ४.५ बाय ३ मीटर आणि ओली होणारी जागा ४० टक्के. तर ८ × ०.७ × ०.८ × १३.५ × ०.४ म्हणजे झाडाला दिवसाला सुमारे २४ लिटर. महिन्याच्या सरासरीवर हे गणित करू नये. मार्चच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यातले बाष्पीभवन सारखे नसते.

महिन्यांनुसार परिणाम : जूनच्या गोषवाऱ्यातला महत्त्वाचा आकडा म्हणजे पेरणीपूर्वी साचलेला पाऊस. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल गेल्याशिवाय सोयाबीन किंवा कोरडवाहू कापूस पेरू नये, ही कृषी विभागाची नेहमीची शिफारस. मृगात ३०-४० मिमीवर केलेली पेरणी आर्द्रात पाऊस दडला की मोडते आणि दुबार पेरणीचा खर्च माथी बसतो. उलट प्रकार २०२५ मध्ये दिसला. मॉन्सून मुंबईत ११ जूनऐवजी २६ मे रोजीच पोचला, आणि त्याआधीच्या मेमधल्या पावसाने अनेक ठिकाणी मशागतीला वाफसाच मिळू दिला नाही. बेरजेत असा महिना भरघोस दिसतो, रानात मात्र तण आणि चिखल असतो.

सोलापूर भागात वर्षातला सर्वाधिक पाऊस जुलैत नव्हे, सप्टेंबरमध्ये पडतो. तिथला शेतकरी खरिपात रान मोकळे ठेवून १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान रब्बी ज्वारी पेरतो, ती याच कारणाने. उत्तरा आणि हस्त कोरडे गेले तर पुढची ज्वारी साठवलेल्या ओलीवरच निघते. याच काळात विदर्भ-मराठवाड्यात काढणीला आलेल्या सोयाबीनवर सलग चार-पाच दिवस झड लागली, तर शेंगांतच कोंब फुटतात. त्यामुळे एकाच महिन्याचा ‘अधिक २५ टक्के’ हा शेरा एका जिल्ह्यात वरदान असतो आणि दुसऱ्यात पंचनाम्याचे कारण.

नोव्हेंबर ते जानेवारीत पावसाचा रकाना बहुधा रिकामा राहतो, पण ढगाळ दिवस, धुके आणि दव यांची नोंद याच महिन्यांत कामाला येते. ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळी आणि ज्वारीवर मावा वाढतो, दाट धुक्याने तुरीची फुलगळ होते, कांद्यावर करपा पसरतो. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या द्राक्षाला पाऊस लागला तर केवडा, पुढे कोरड्या-थंड हवेत भुरी हे बुरशीचे रोग येतात. निफाड भागात किमान तापमान एकआकडी उतरले की मण्यांची वाढ थांबते, मणी तडकतात. बागायतदार पहाटे ठिबक चालू ठेवतात. महिन्याचे सरासरी किमान ११ अंश असले तरी त्यात ५ अंशांच्या तीन रात्री लपलेल्या असू शकतात, म्हणून १० अंशांखालच्या रात्री मोजून लिहाव्यात. कोकणातल्या हापूसला मोहोरासाठी ही थंडी हवी असते; मोहोर फुटल्यावर आलेला अवकाळी पाऊस मात्र करपा आणतो व फळधारणा बिघडवतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हाचे दाणे भरत असताना कमाल तापमान चढले तर दाणा चिमतो. मार्च २०२२ हा देशात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, गव्हाचे उत्पादन अंदाजापेक्षा घटले आणि १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. गारपिटीचे दिवसही याच महिन्यांतले. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या मोठ्या पट्ट्यात गहू, हरभरा, द्राक्ष व डाळिंब झोडपले गेले. गारांचा आकार, किती मिनिटे पडल्या आणि वाऱ्याची दिशा यांची टीप ठेवावी. मिलीमीटरचा आकडा गारपिटीबद्दल काहीच सांगत नाही.

भरपाईशी संबंध : राज्यात मदतीसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस ही अतिवृष्टीची कसोटी वापरली जाते. पहाटे पाच ते सकाळी अकरा असा सलग ७५ मिमी पाऊस झाला, पण त्यातला ४० मिमी साडेआठपूर्वीचा आणि ३५ मिमी नंतरचा असेल, तर तो दोन तारखांत विभागला जातो आणि कसोटी पुरी होत नाही. शेतातल्या खासगी मापकाची नोंद या कामी ग्राह्य धरत नाहीत. तरीही पाऊस सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, पाण्यात उभ्या राहिलेल्या पिकाचे तारखेसह छायाचित्र आणि साडेआठचे वाचन एकत्र ठेवलेले असले, तर मंडळाच्या आकड्यावर आक्षेप घेताना आणि पंचनाम्याच्या वेळी बोलायला आधार राहतो.