एका मुलीसाठी चालवलेलं स्टेशन?

‘जपानमध्ये एकाच शाळकरी मुलीसाठी रेल्वेने स्टेशन चालू ठेवलं,’ हा फॉरवर्ड २०१६ पासून फिरतोय. मुलगी खरी, स्टेशनही खरं: होक्काइदोतलं क्यू-शिराताकी, १९४७ सालचं. सकाळी शाळेकडे जाणारी गाडी एकच, परतीच्या तीन. पण त्या गाडीने इतरही विद्यार्थी जायचे. पोस्टमध्ये तर भलतंच स्टेशन दाखवलं होतं, कामी-शिराताकी! प्रवासी घटले म्हणून २६ मार्च २०१६ला ही दोन्ही आणि शेजारचं शिमो-शिराताकी एकदमच बंद झाली. मार्चच का? जपानमध्ये रेल्वेचं नवं वेळापत्रक मार्चात लागतं आणि शाळेचं वर्षही तेव्हाच संपतं. दोन्ही जुळलं, एवढंच. बाकीचा मसाला आपला.