मेनिंजायटिस की एन्सेफलायटिस? मेंदूज्वराचा क्लेम इथेच अडतो

‘मेंदूज्वर झाला होता’ एवढं सांगून क्लेम मिळत नाही. आपण मेनिंजायटिसलाही मेंदूज्वर म्हणतो आणि एन्सेफलायटिसलाही, पण आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत, दोघांचे कोड वेगळे आहेत. खानापूरच्या चिठ्ठीवर एक नाव, बेळगावच्या भरतीच्या कागदावर दुसरं आणि मिरज-कोल्हापूरच्या डिस्चार्ज कार्डावर दोन्ही, अशी फाइल गेली की क्वेरी निघते, म्हणजे क्लेम तपासणारे खुलासा मागतात. उपचार खरे, बिलं खरी, तरी नातेवाईक खेटे घालतात. एका शब्दासाठी निपाणीच्या माणसाला तीनदा बोलावणं बरं नाही. क्वेरी एकदाच आणि पूर्ण लिहायला काय हरकत आहे?

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, एपीएलला (दारिद्र्यरेषेवरच्यांना) पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. आधार आणि रेशनकार्ड लागतं. रेशनकार्डावर कन्नडात लिहिलेलं नाव आधारशी जुळतं का, ते आधीच बघा.

आता मुख्य गोष्ट. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह: ताप, डोकेदुखी, आखडलेली मान. एन्सेफलायटिस म्हणजे खुद्द मेंदूचा दाह: रुग्ण बरळतो, माणसं ओळखत नाही, झटके येतात. जिवाणूंचा मेनिंजायटिस जी००, विषाणूंचा ए८७, क्षयाचा ए१७.०. एन्सेफलायटिस जी०४ मध्ये. पण कारण सापडलं तर कोड बदलतो. हर्पीसचा बी००.४, जपानी ए८३.०, विषाणूजन्य आहे पण कोणता ते कळलं नाही तर ए८६. दोन्ही एकत्र असले की डॉक्टर ‘मेनिंगोएन्सेफलायटिस’ लिहितात. तो जिवाणूंचा असेल आणि त्या जिवाणूचा खास कोड नसेल तर जी०४.२, तिथे जी०० लावू नका. आणि ‘एईएस’ (अक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम) हे अंतिम निदान नव्हे. ताप आणि शुद्धीत बदल किंवा झटके दिसले की साथीवर लक्ष ठेवण्यासाठी ती नोंद होते. डिस्चार्जवर तेवढंच असेल तर डॉक्टरांकडून निदान लिहून घ्या.

सगळ्यात जास्त छळतो तो पाठीतलं पाणी तपासल्याचा रिपोर्ट. पाणी पहिल्या दवाखान्यात काढलेलं असतं आणि रिपोर्ट तिथल्याच फाइलमध्ये राहतो. रुग्ण हलवतानाच त्याची प्रत मागा. पाण्यातल्या पेशी दोन्ही आजारांत वाढू शकतात, म्हणून कोडिंग करणाऱ्यांनी (फाइलवर आजाराचा कोड घालणाऱ्यांनी) नुसत्या रिपोर्टावरून निदान ठरवू नये. डॉक्टरांना लेखी विचारावं. मेंदूवर दाब असल्यामुळे पाणी काढलंच नसेल, तर तसं कार्डावर यायला हवं. एमआरआय झाला असेल तर तोही जोडा.

खासगी मेडिक्लेमचे कागद देण्याची मुदत बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जच्या तारखेपासून मोजतात. रिपोर्ट उशिरा आला म्हणून ती पुढे सरकत नाही. रिपोर्ट यायचा असेल तर तसं लिहून बाकीचे कागद वेळेत द्या.

दुरुस्त डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची सही, तारीख आणि शिक्का तपासून घ्या. जुनं कार्ड फाडू नका, दोन्ही जोडा.