राजीनाम्याआधीचे चिंतामणराव

फोर्टमध्ये हुतात्मा चौकातून रिझर्व्ह बँकेपर्यंत चालत गेलं तर काही मिनिटंच लागतात. मुंबईत सी. डी. (चिंतामणराव) देशमुखांचं नाव निघतं ते बहुतेक वेळा चौकाच्या संदर्भात. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचं ठरलं म्हणून केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारा माणूस, ही त्यांची ओळख. ती खरीच आहे. पण त्याआधी जगातल्या बलाढ्य देशांसमोर बसून त्यांनी भारताच्या पैशाचा हिशेब मांडला, ते काम या बँकेतून सुरू झालं. मला तो भाग तितकाच मोलाचा वाटतो, आणि तो फार थोडा सांगितला जातो.

१४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. बालपण रोह्यात गेलं, वडील वकील. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज आणि मग केंब्रिज. तिथे विज्ञान शिकले, बक्षीस मिळवलं ते वनस्पतिशास्त्रात. १९१८ मध्ये लंडनला आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या वरिष्ठ सरकारी नोकरीच्या, परीक्षेत पहिले आले. नंतरची वीसेक वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली: आधी जमाबंदीचं काम, मग प्रांताच्या वित्त खात्याचं सचिवपद. अर्थशास्त्र ते पुस्तकांपेक्षा सातबाऱ्यातून आणि सरकारी जमाखर्चातून शिकले, असं म्हटलं तर वावगं ठरू नये.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. गव्हर्नर सर जेम्स टेलर १९४३ च्या फेब्रुवारीत वारले आणि ११ ऑगस्टला देशमुख गव्हर्नर झाले. त्या खुर्चीत बसलेले ते पहिले भारतीय.

वेळ वाईट होती. महायुद्धासाठी ब्रिटन भारतातून धान्य, कापड, दारूगोळा, सगळं उचलत होता. त्याची किंमत रोख मिळत नव्हती. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंड जमा होत होते. कायद्याप्रमाणे स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश पौंडातल्या, रोख्यांच्या आधारावर नोटा काढता येत. त्यामुळे तिकडे पौंड साठले की इकडे नोटा छापल्या जात. बाजारात माल कमी, नोटा भरमसाट. भाव भडकले, आणि त्याच वर्षी बंगालात लाखो माणसं भुकेने मेली. युद्ध संपेपर्यंत ही ब्रिटनकडची येणी सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. भारत कर्जदाराचा सावकार झाला होता, पण ही सावकारी उपाशी माणसांच्या ताटातून आली होती. हे विसरून त्या आकड्याकडे पाहताच येत नाही.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्स इथे ४४ देश जमले. तिथेच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया घातला गेला. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते. त्यात देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ हेही होते. अडकलेले पौंड सोडवण्याची काही वाट नाणेनिधीतून निघावी, अशी त्यांची मागणी होती. श्रॉफ यांनी तिथे दाखला दिला: बँकेत दहा लाख डॉलर आहेत, पण टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात पैसे नाहीत, अशी आमची अवस्था आहे. ब्रिटनच्या बाजूने अर्थतज्ज्ञ केन्स होते. हा आमच्या दोघांमधला व्यवहार, तो आम्ही आपसात मिटवू, असं म्हणून त्यांनी मागणी परतवली.

तो मुद्दा हरला, पण भारत रिकाम्या हाताने परतला नाही. नाणेनिधीत त्याचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला, म्हणजे यादीत सहावा. सोव्हिएत संघ नाणेनिधीत आला नाही, भारत पहिल्या पाचांत गेला आणि कार्यकारी मंडळावर त्याला हक्काची जागा मिळाली. तेव्हा देश अजून पारतंत्र्यात होता!

पौंडांचा प्रश्न पुढे खरोखरच दोघांत सुटला, हप्त्याहप्त्याने. १९४७ आणि १९४८ मध्ये करार झाले; काही रक्कम इंग्रज फौजेने मागे ठेवलेल्या सामानाच्या किमतीत आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनीत वळती झाली. त्याच काळात फाळणीमुळे रिझर्व्ह बँकेला जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचंही काम पाहावं लागलं. १ जानेवारी १९४९ ला बँक सरकारच्या मालकीची झाली आणि त्याच वर्षी देशमुखांची मुदत संपली.

१९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. नाणेनिधी आणि जागतिक बँकेची त्या वर्षीची संयुक्त बैठक पॅरिसला भरली, तिचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. १९५२ ला ते कुलाबा (आजचा रायगड जिल्हा) मतदारसंघातून लोकसभेवर गेले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. शहर पेटलं, पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडली. देशमुखांनी राजीनामा दिला. तो मंजूर झाला जुलैत. लोकसभेतल्या निवेदनात त्यांनी गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारल्याचा जाब थेट पंतप्रधानांना विचारला.