दोन रंगांच्या गोळीमागचा इतिहास

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये मधुमेहाच्या औषधांच्या पट्ट्या चाळल्या, तर एका अंगाने पांढरी आणि दुसऱ्या अंगाने रंगीत अशी लांबट गोळी हमखास हाती लागते. तो रंग केवळ शोभेचा किंवा ओळखीचा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अशा गोळीत एका थरात लगेच विरघळणारे ग्लिमेपिराइड १ किंवा २ मिलिग्रॅम असते, तर दुसऱ्यात कित्येक तास हळूहळू सुटणारे मेटफॉर्मिन बहुधा ५०० मिलिग्रॅम. एवढ्या असमान मात्रांचे आणि वेगळ्या चालीचे दोन घटक एकाच गोळीत नांदवायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

साच्यात भुकटी दाबून गोळी करण्याचे पेटंट विल्यम ब्रोकडन या इंग्रज चित्रकाराने १८४३ मध्ये घेतले. पेन्सिलीसाठी लागणारे ग्रॅफाइट दाबण्याच्या खटपटीतून त्याला ही वाट सापडली होती. त्या गोळीत सगळे औषध एकजीव असे आणि ते एकदमच सुटे, त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा डोस घेणे भाग पडे. १९५२ मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या औषध कंपनीने निरनिराळ्या जाडीच्या आवरणांचे बारीक दाणे भरलेली ‘स्पॅन्स्युल’ कॅप्सूल बाजारात आणली, तेव्हा औषध सुटण्याची वेळही आखता येते हे सर्वांना दिसले. १९६० च्या दशकात औषधशास्त्रज्ञ ताकेरू हिगुची यांनी मॅट्रिक्समधून, म्हणजे औषध सामावून धरणाऱ्या घन पदार्थातून, औषध बाहेर पडण्याचे गणित मांडले. त्यातून एक अडचणही स्पष्ट झाली : वेळ जाईल तसे औषधाला आतून जास्त अंतर कापावे लागते आणि सुटण्याचा वेग मंदावतो. इटलीतील कोलंबो, कोंते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाच्या थराला एका किंवा दोन्ही बाजूंनी औषधविरहित थर लावून सुरुवातीची घाई रोखली. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना हीच, कारण ज्या थरात औषधाचा कणही नाही तोच इथे औषधाची चाल ठरवतो.

अमेरिकेतील अल्झा कंपनीने वेगळा मार्ग धरला. तिच्या गोळीत पाणी शोषून फुगणारा खालचा थर वरच्या थरातले औषध लेसरने पाडलेल्या छिद्रातून बाहेर ढकलतो. या तत्त्वावरील निफेडिपिन या रक्तदाबावरील औषधाच्या गोळीला तिथे १९८९ मध्ये मान्यता मिळाली. तिचे रिकामे कवच शौचातून तसेच पडते आणि माहिती नसलेला रुग्ण, औषध लागूच पडले नाही, अशा समजुतीने घाबरतो.

थर वेगळे ठेवण्याचे आणखी एक कारण आपल्याकडे फार जवळचे आहे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन जठरातल्या आम्लात, याच रोगावरील आयसोनियाझिडच्या सहवासात, अधिक वेगाने खराब होते, म्हणून या दोघांना निराळ्या थरांत बसवण्याचे प्रयत्न झाले.

कोल्हापूर परिसरात एम. फार्म.च्या प्रबंधासाठी द्विस्तरीय गोळी घेणाऱ्या विद्यार्थ्याची खरी कसोटी मशीनवर लागते. पहिला थर हलकाच दाबून त्यावर दुसरी भुकटी भरायची आणि मग शेवटचा मोठा दाब द्यायचा, असा क्रम असतो. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही म्हणून गवंडी ती आधी टोचून घेतो. तसाच पहिला थर जास्त दाबला गेला, तर दुसरा त्याला धरत नाही. साच्यातून निघताना अशी गोळी अखंड, देखणी दिसते. झीज तपासणाऱ्या ड्रमचे १०० फेरे पूर्ण झाल्यावर मात्र भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे तिचे दोन थर वेगळे होऊन हातात येतात.