खाज आणि अ‍ॅलर्जी, कुत्र्यांमधील

कुत्र्याची खाज हा स्वतंत्र रोग नव्हे. अनेक त्वचाविकारांचे ते एकसारखे दिसणारे लक्षण आहे. पिसवा, गोचिडी, लुतेचे किडे असे परजीवी, जिवाणू आणि यीस्ट यांचा संसर्ग, व अ‍ॅलर्जी ही तिची मुख्य कारणे. अ‍ॅलर्जीचेही तीन प्रकार नेहमी आढळतात : पिसवांच्या चाव्याची, अन्नाची आणि धूळकिडे, परागकण, बुरशी अशा भोवतालच्या घटकांची. या शेवटच्या प्रकाराला अ‍ॅटॉपिक त्वचादाह म्हणतात. एकाच कुत्र्यात यांतली दोन-तीन कारणे एकत्र असणे नेहमीचेच आहे, आणि उपचार फसतात ते बहुधा त्यामुळे. एक कारण सापडले की बाकीच्यांचा शोध थांबतो.

माणसाची अ‍ॅलर्जी बरेचदा नाकाडोळ्यांत दिसते, कुत्र्याची त्वचेत. शिंका आणि डोळ्यांना पाणी हे प्रकार कुत्र्यात असतात, पण दुय्यम. एका कुत्र्यातील हंगामी परागज्वराचे वर्णन १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले, तिथून या विषयाचा वैद्यकीय इतिहास धरला जातो. प्राण्यांच्या अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अ‍ॅटॉपिक त्वचादाहाच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये दिली आणि २०१५ मध्ये ती सुधारली.

खाज ओळखणे

मागचा पाय उचलून खराखरा खाजवणे एवढीच खाज बहुतेकांना ठाऊक असते. पंजे तासन्‌तास चाटणे, तोंड सोफ्याच्या कडेला घासत नेणे, कान सारखे झटकणे, शेपटीच्या मुळाशी पुढच्या दातांनी बारीक कुरतडणे, हीसुद्धा खाजच असते. पंजे चाटणाऱ्या कुत्र्याबद्दल ‘त्याची सवयच आहे’ किंवा ‘फार स्वच्छता लागते त्याला’ असे कौतुकाने सांगितले जाते. फिकट केसांच्या कुत्र्याचे पंजे तांबूस झालेले असतील तर कौतुक आवरून नीट पाहावे : लाळेतील पोर्फिरिन या रंगद्रव्यामुळे केसांना तो रंग चढतो, म्हणजे चाटणे बरेच दिवस चालू आहे. बूड जमिनीवर घासत सरकणे मात्र गुदग्रंथी भरल्यानेही होते, जंतांनीही आणि अ‍ॅलर्जीनेही. कान वारंवार पिकत असतील आणि दर वेळी फक्त थेंब घालून भागवले जात असेल, तर मुळाशी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता मोठी.

खाजेची जागा बरेच काही सांगते. कंबर, शेपटीचे मूळ आणि मांड्यांची मागची बाजू म्हटली की आधी पिसवा. कानांच्या कडा आणि पायांची कोपरे यांवर खपल्या धरल्या असतील तर लूत. पंजे, काखा, जांघा, पोट, कानाच्या पाळीची आतली बाजू, डोळे व तोंड यांभोवतीचा भाग लाल होत असेल तर अ‍ॅटॉपिक किंवा अन्नाची अ‍ॅलर्जी. या दोहोंत नुसत्या नजरेने फरक करता येत नाही. खाज जुनी झाली की कातडी जाड, काळपट आणि सुरकुतलेली होते व तिला कुबट वास येऊ लागतो. तो वास यीस्टचा असतो, आणि रोज अंघोळ घालूनही तो जात नाही.

घरच्यांनी खाजेला ० ते १० गुण देऊन तारखेसह लिहून ठेवावे. दवाखान्यात ‘खूप खाजवतो’ यापेक्षा ‘जूनमध्ये ३ होते, ऑगस्टमध्ये ८ आहे’ हे सांगणे कितीतरी उपयोगाचे.

पिसवा आणि लूत

पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडेसे चावेही पुरतात. असा कुत्रा सतत चाटून-कुरतडून पिसवा गिळूनही टाकतो, म्हणून ‘आमच्याकडे पिसवा नाहीतच’ हे घरच्यांचे म्हणणे प्रामाणिक असले तरी पुरावा ठरत नाही. त्यासाठी सोपी तपासणी आहे. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभे करून कंबरेवरून बारीक दातांचा फणा उलटा फिरवायचा. मिरपुडीसारखी काळी कणी पडली तर ती ओल्या कापसावर टिपायची. कणीभोवती गंजासारखे तांबडे वलय पसरले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. नुसती माती असेल तर रंग सुटत नाही.

अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येचा लहानसा भाग असतात. अंडी, अळ्या आणि कोश गादीखाली, फरशीच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीत असतात, आणि कोशातली पिसू बाहेर न पडता काही महिने तग धरू शकते. म्हणून औषध घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी आणि निदान तीन महिने सलग द्यावे लागते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर पिसवांना बाराही महिने मोकळे रान. पावसाळ्यापुरती गोळी देऊन दिवाळीनंतर बंद करण्याचा हिशेब इथे चालत नाही.

लूत सार्कोप्टिस या सूक्ष्म किड्यामुळे होते. तो कातडीत बिळे करतो आणि खाज इतकी असते की कुत्रा जेवण सोडून खाजवतो. कानाची कड दोन बोटांत धरून तिच्यावरच चोळली असता मागचा पाय आपोआप खाजवण्याच्या लयीत हलू लागला तर लुतेचा संशय बळावतो. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरही किडा हुकू शकतो, म्हणून संशय दाट असेल तर डॉक्टर उपचार करून बघणेच पसंत करतात. कुत्र्याला कवटाळून झोपणाऱ्यांच्या हातांवर, पोटावर लाल पुरळ उठते. हा किडा माणसाच्या कातडीत फार काळ टिकत नाही, आणि कुत्रा बरा झाला की पुरळही जाते. डेमोडेक्स हा दुसरा किडा वेगळा : तो प्रत्येक कुत्र्याच्या कातडीत थोड्या प्रमाणात असतोच, प्रतिकारशक्ती ढासळली की वाढतो, केस झडतात, पण सुरुवातीला खाज फारशी नसते आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

संसर्ग

अ‍ॅलर्जीने सुजलेल्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू आणि मॅलॅसेझिया हे यीस्ट फोफावतात, आणि मग त्यांचीच वेगळी खाज सुरू होते. कातडीवर चिकटपट्टी दाबून ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही तपासणी थोड्या मिनिटांची आणि स्वस्त आहे. ती न करता अ‍ॅलर्जीची महागडी रक्ततपासणी आधी करून घेणे हा उलटा क्रम होय. क्लोरहेक्सिडीनचा औषधी शाम्पू अंगावर दहा मिनिटे ठेवून मग धुतला तरच गुण देतो. बहुतेक घरांत तो लावल्या लावल्या धुतला जातो आणि वर ‘शाम्पूने फरक नाही’ असा निष्कर्षही निघतो.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा दाट केसांच्या जातींना पावसाळ्यात एका रात्रीत ओला, लालभडक चट्टा पडतो. केस आतपर्यंत न वाळणे हे त्याचे एक कारण आणि खाज हे दुसरे. भोवतीचे केस कापून जागा कोरडी करणे हा त्याचा पहिला उपचार.

अन्नाची अ‍ॅलर्जी

कोणत्या अन्नाची अ‍ॅलर्जी आहे हे रक्त, लाळ किंवा केस तपासून खात्रीने कळत नाही. तशा चाचण्या विकल्या जातात, ही गोष्ट निराळी. खात्रीचा मार्ग वर्ज्य-आहाराचा. कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला हायड्रोलाइज्ड आहार, निदान ८ आठवडे द्यायचा. अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या १०० पैकी ९० हून अधिक कुत्र्यांत तेवढ्या काळात सुधारणा दिसते. पण निदान पुरे होते ते पुढच्या टप्प्यात. जुने अन्न परत सुरू करायचे, आणि सहसा दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तरच अन्न दोषी. हा टप्पा घरचे टाळतात. बरे झालेल्या कुत्र्याला मुद्दाम खाजवायला कोण लावील? पण तो टाळला तर सुधारणा आहाराने झाली की पाऊस संपल्याने, हे कळतच नाही.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २९७ कुत्र्यांच्या नोंदी होत्या. त्यांत गोमांस ३४%, दुधाचे पदार्थ १७%, चिकन १५% आणि गहू १३% असे प्रमाण आढळले. नोंदी पाश्चात्त्य देशांतल्या आहेत. महाराष्ट्रातल्या कुत्र्याच्या ताटलीत गोमांस नसते, पण चिकन-भात, दूध-पोळी आणि दही रोजचे. त्यामुळे संशयितांच्या यादीतले उरलेले तिघेही घरात हजर असतात. तांदूळ क्वचितच दोषी ठरतो. धान्यविरहित खाद्याची जाहिरात अ‍ॅलर्जीच्या नावाने होते, तिला या आकड्यांत फारसा आधार नाही. चिकनऐवजी बदक हा पर्यायही फसवा. पक्ष्यांची प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती असतात.

प्रयोग मोडतो तो अन्नाच्या निवडीत नव्हे, घरातल्या माणसांत. आजी जेवता जेवता पोळीचा तुकडा खाली सोडते, सोसायटीचे वॉचमन काका ग्लुकोज बिस्कीट देतात, कामाला येणाऱ्या मावशी दुधाची साय. जंताची चघळायची गोळीसुद्धा मांसाच्या चवीची असते. म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांना एकत्र बसवून सांगावे, आणि ज्यांना काही दिल्याशिवाय राहवत नाही त्यांच्या हाती त्याच आहारातले तुकडे डबीत भरून द्यावेत. वाढत्या पिल्लासाठी घरचा दोन पदार्थांचा आहार अपुरा पडतो. तिथे तयार हायड्रोलाइज्ड खाद्यच बरे, महाग असले तरी.

अ‍ॅटॉपिक त्वचादाह

परजीवी, संसर्ग आणि अन्न यांना वगळल्यावर जे उरते ते हे निदान. खाज सहसा ६ महिने ते ३ वर्षे या वयात सुरू होते. फाव्रो या संशोधकाने व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेले निदानाचे निकष आठ आहेत : वयाच्या ३ वर्षांआधी सुरुवात, मुख्यतः घरात राहणे, स्टेरॉइडने खाज कमी होणे, आधी खाज व नंतर पुरळ, पुढचे पंजे बाधित, कानाच्या पाळ्या बाधित, कानांच्या कडा मात्र निरोगी, आणि कंबरेचा भाग निरोगी. पाच निकष जुळले तर शक्यता बळकट होते, पण निकष हे वरच्या पायऱ्यांची जागा घेत नाहीत.

यात कातडीचा दोष मूळचा असतो. विटा शाबूत पण मधला गारा झडलेला अशी भिंत असावी तसे पेशींमधले स्निग्ध द्रव्य विरळ असते. त्यातून धूळकिड्यांची प्रथिने आत शिरतात, शरीर त्यांविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे तयार करते आणि दाहाची साखळी सुरू होते. खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत नेण्यात इंटरल्यूकिन-३१ या रेणूचा मोठा वाटा असतो. हिस्टामिनचा वाटा त्या मानाने कमी. माणसांसाठीच्या सेटिरिझिनसारख्या, हिस्टामिन रोखणाऱ्या गोळ्या कुत्र्यात निराशा करतात त्या यामुळे.

रक्तातली किंवा कातडीत टोचून केलेली अ‍ॅलर्जी चाचणी हा आजार आहे की नाही हे सांगत नाही. निरोगी कुत्र्यातही ती होकारार्थी येऊ शकते. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे अ‍ॅलर्जीचे घटक थोडेथोडे देऊन शरीराला त्यांची सवय लावणाऱ्या, लसीत कोणते घटक घालायचे हे ठरवणे एवढाच तिचा उपयोग. ही लस गुण यायला कित्येक महिने, कधी वर्षही घेते. सुमारे ६० ते ७० टक्के कुत्र्यांत ती बऱ्यापैकी उपयोगी पडते, आणि मुळावर काम करणारा हाच एक उपचार आहे.

बाकीची औषधे खाज आटोक्यात ठेवतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड स्वस्त आणि झटपट. पण तहान, भूक, लघवी वाढते, आणि दीर्घकाळ दिल्यास कातडी पातळ होते व स्नायू झिजतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडची सुई दिली की काही आठवडे घर शांत, मग पुन्हा सुई, ही साखळी आपल्याकडे सर्रास दिसते आणि तीच सर्वांत घातक. ऑक्लासिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. ती पहिल्याच दिवसात खाज कमी करते, मात्र एक वर्षाखालील कुत्र्यांना देत नाहीत. लोकिव्हेटमॅब हे इंटरल्यूकिन-३१ला पकडून ठेवणारे प्रतिपिंड सुईने दिले जाते आणि चार ते आठ आठवडे पुरते. सायक्लोस्पोरिन स्वस्त नाही आणि त्याचा गुण चार-सहा आठवड्यांनी दिसतो.

खाजेला एक उंबरठा असतो. धूळकिड्यांची थोडी अ‍ॅलर्जी असलेला कुत्रा एरवी शांत असतो. त्यात पिसवांची भर पडली, वर यीस्ट वाढले, की तो उंबरठा ओलांडतो. त्यामुळे धूळकिडे घरातून पूर्ण काढणे अशक्य असले तरी पिसवा शून्यावर आणि कातडी स्वच्छ ठेवली तरी बरेच साधते. फिरून आल्यावर पंजे धुऊन बोटांमधली जागा पुसणे, अंथरूण आठवड्याला गरम पाण्यातून काढणे ही कामे औषधाचा डोस कमी करतात.

घरगुती उपाय आणि धोके

खोबरेल तेल कोरड्या कातडीला मऊ करते, पण लूत किंवा यीस्ट घालवत नाही. लुतेवर रॉकेल किंवा गाड्यांचे जळके ऑइल फासण्याची पद्धत अजून दिसते. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. फिनेल आणि टी-ट्री तेलाचेही तसेच. औषधांच्या दुकानात मिळणारी स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेली माणसांची मलमेही अशीच पोटात जातात. सर्दीच्या ज्या गोळ्यांत सेटिरिझिनबरोबर स्यूडोएफेड्रिन असते त्या कुत्र्याच्या जिवावर बेततात. आयव्हरमेक्टिनची सुई अनेक कुत्रे पचवतात, पण कोली आणि तिच्या नात्यातल्या जातींत एका जनुकदोषामुळे ते औषध मेंदूत शिरते. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन हे कीटकनाशक घरातल्या मांजराला मारू शकते.

भटक्या कुत्र्यांतील लूत

केस झडलेले, कातडी खवल्यांची झालेले कुत्रे बघून लोक ते पिसाळल्याचा समज करून घेतात. बहुधा ती लूत असते. पूर्वी असा कुत्रा पकडून आठवड्याला सुया द्याव्या लागत, आणि दुसऱ्या सुईच्या वेळी तो हाती लागत नसे. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सॅरोलेनर या आयसोऑक्साझोलिन गटातल्या गोळ्या खाण्यातून देता येतात, आणि त्यांनी हे काम गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांच्या आवाक्यात आणले. वजनाचा अंदाज घेऊन डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी लागते. या गटामुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. त्यामुळे पूर्वी झटके आलेल्या कुत्र्याला आणि ८ आठवड्यांखालच्या पिल्लाला त्या परस्पर देऊ नयेत. खाज काही दिवसांत उतरते, केस यायला महिना-दोन महिने लागतात.