पाठ असलेल्या नाटकाचं परीक्षण

पुण्यात ‘सौभद्र’चा प्रयोग लागला की प्रेक्षागृहात एक गंमत हमखास दिसते. कृष्णानं ‘प्रिये पहा’ उचललं की मागच्या रांगेतले दोन-चार आजोबा त्याच्याही आधी पुढच्या ओळीवर पोचलेले असतात. सुभद्रेचं लग्न कुणाशी लागणार, हे तर सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक. तरीही त्या प्रयोगाचं परीक्षण वाचायला घ्यावं, तर निम्मा मजकूर बलरामाचा हट्ट आणि अर्जुनाचा संन्यास यांतच संपलेला. उरलेल्या जागेत ‘नेपथ्य साजेसं, प्रकाशयोजना अनुरूप’. ही खोड आजची नाही, बरीच जुनी आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ पाहिल्यावर असं काही मराठीत व्हावं हे त्यांच्या मनानं घेतलं, असं सांगतात. पहिल्या रात्री सातांपैकी चारच अंक झाले. गंमत अशी की आपण जिथून संगीत रंगभूमीचं नवं युग मोजतो, तो प्रयोगही एका अभिजात नाटकाचाच होता. कालिदास वाचलेल्या पुण्याला त्याला दोन प्रश्न विचारणं सोपं होतं: मूळ संस्कृताशी इमान राखलंय का, आणि गाणं कसं झालं? पुढं गायकनट भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजानं दुसऱ्या प्रश्नाचं वजन इतकं वाढवलं, की पात्र रंगमंचावर उभं कसं राहतं, ऐकणारं पात्र काय करतं, असल्या गोष्टींना जागाच उरली नाही.

गद्य नाटकाच्या बाजूला आगरकरांचं उदाहरण बोलकं आहे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात असताना त्यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतलं. ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये छापून आलं. म्हणजे ते आधी पुस्तक होतं. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, अंगावर घेतला, तेव्हा ते नाटक झालं. पण चर्चा करणारी मंडळी शाळा-कॉलेजांतली, लिहिण्या-वाचण्यात मुरलेली. त्यांच्या हाताशी छापील प्रत असायची. नाटक मंडळी चार खेळ करून पुढच्या गावाला जायची, पुस्तक मात्र कपाटात राहायचं. शिवाय नाटककार साहित्यिक आणि नट म्हणजे नाटक्या, ही प्रतवारीही होतीच. त्यामुळं मासिकांतली नाट्यसमीक्षा मुख्यतः ग्रंथपरीक्षणाच्या अंगानं वाढली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची लेखक म्हणून सुरुवातच ‘विक्रमशशिकला’ या नाटकावरच्या टीकेनं झाली. १८९३ साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात ती आली आणि थोड्याच वर्षांत ते स्वतः नाटककार झाले. संहितेची चिरफाड करायला त्यांच्याकडून अजूनही शिकावं. प्रयोग कसा बघावा, ते मात्र दुसरीकडे शोधावं लागतं.

ते कुठं सापडतं, हे लिहायला थोडं संकोचल्यासारखं होतं. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली आलं. पुण्याच्याच महाराष्ट्र नाटक मंडळीचं. कथा महाभारतातली, शब्दांत आक्षेपार्ह काही सापडू नये अशी. १९१० च्या जानेवारीत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये या नाटकावर एक लेख आला. लेखकानं कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, असा उलगडा केला. तो कुणीही केला असता. पण त्यापुढं त्यानं प्रेक्षकांकडं पाहिलं. कीचकाचे अत्याचार बघताना पुरुषांचे ताणलेले चेहरे, द्रौपदीची विनवणी ऐकताना बायकांचे चमकणारे डोळे, युधिष्ठिराच्या मवाळपणाबद्दल त्यांना वाटणारा तिटकारा हे सगळं त्यानं नोंदवलं. त्याच महिन्यात नाटकावर बंदी आली. हेतू दुष्टच होता, यात वाद नाही. पण जे संहितेत लिहिलेलं नाही आणि नाट्यगृहात मात्र घडतं, ते पकडणारं लिखाण म्हणून तो लेख आपल्या कुठल्याही कौतुकपर परीक्षणापेक्षा सरस आहे. सेन्सॉरचा डोळा कधी कधी रसिकापेक्षा तीक्ष्ण असतो.

बालगंधर्वांच्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. वन्स मोअर हाच अभिप्राय होता.

पुस्तक हातात धरून परीक्षण करण्याची सोय खऱ्या अर्थानं मोडली ती १६ डिसेंबर १९७२ रोजी, भरत नाट्य मंदिरात. तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ वाचून ते कसं दिसेल याचा पत्ता लागत नाही. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचना आणि मुख्य म्हणजे तो माणसांचा पडदा. कधी भिंत, कधी गर्दी, कधी नुसती पाठ फिरवलेले बामण. हे कागदावरून तपासता येत नव्हतं. तरी पुण्यानं भांडण काढलं ते नाना फडणवीसांच्या चारित्र्यावरून. एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेनं नाटक थांबवलं, कलावंत बाहेर पडले आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. वाद इतिहासाचा झाला, पण प्रयोगाच्या बाजूनं लिहिणाऱ्यांना आकृतिबंध, समूह, रंगावकाश असले शब्द वापरल्यावाचून गत्यंतर उरलं नाही. आज तेच शब्द परीक्षणांत ‘नेपथ्य साजेसं’इतक्याच सहजपणे, विचार न करता पडतात, ती गोष्ट वेगळी.

आता ‘घाशीराम’ही अभिजात झालं आहे. त्याचा किंवा ‘सौभद्र’चा नवा प्रयोग बघायला बसणाऱ्याच्या हातात जुन्या प्रेक्षकाकडं नसलेला एक प्रश्न आहे: काय गाळलं? ‘सौभद्र’ पाच अंकांचं, पदं शंभरावर. रात्री सुरू होऊन पहाटेकडं झुकणारा तो खेळ आजच्या नाट्यगृहाच्या एका सत्रात, अडीच-तीन तासांत बसवायचा, तर कात्री लागणारच. ती कुणी लावली, कुठं लावली, यावरून प्रयोगाचं मत कळतं. सगळी लोकप्रिय पदं ठेवून मधले गद्य प्रवेश उडवले, तर ती मैफल झाली; अर्जुनाची घालमेल आणि कृष्णाचा मिस्कील कावा दोन्ही गेले. उलट पदं कमी करून संवाद राखले, तर कृष्ण कारस्थानी गृहस्थ म्हणून दिसायला लागतो, आणि नाटक मुळात किती खट्याळ आहे ते समजतं. रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी काटछाट करून बेतलेली संहिता, हा शब्द जाहिरातीत बारीक टाइपात असतो. परीक्षण लिहिणाऱ्यानं आदल्या दिवशी मूळ नाटक पुन्हा वाचावं आणि प्रयोगात त्या बारीक टाइपापासूनच सुरुवात करावी. मागच्या रांगेतल्या आजोबांना कुठली ओळ गाळली हे बरोबर कळलेलं असतं. मध्यंतरात चहाच्या रांगेत त्यांच्या मागं उभं राहिलं तरी निम्मं काम होतं.